बर्फ बघायला जायची तयारी

सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला बाहेर बाकावर बसवलं, मला एकट्याला आत बोलावलं आणि काचबिंदू फार पुढं गेलाय म्हणून सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी टिकेल तितकी टिकेल. वर्षभर तरी दिसेल का, असं मी विचारलं. "वर्ष मोठं झालं," एवढंच ते म्हणाले. बाहेर आलो तर आई पदरानं डोळे टिपत होती. "काय म्हनलं रं?" मी म्हणालो, "नंबर वाढलाय. थेंब घालायचे." इस्लामपूर गेलं, कराड गेलं, उंब्रजच्या पुढं आमच्या गावाचा फाटा आला, तरी माझ्या तोंडून दुसरं काही निघालं नाही.

आबांना मात्र खरं सांगितलं. ते बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले आणि म्हणाले, "तिला बोलायचं न्हाई." बायकोलाही मी तसंच बजावलं. आमच्या घरात वाईट बातमी ज्याची त्यालाच सगळ्यात शेवटी कळते, आणि यालाच आम्ही माया समजतो.

आबा मिलिटरीत ड्रायव्हर होते. हिमाचलात काढलेला त्यांचा एक फोटो आहे, गुडघाभर बर्फात ट्रकला टेकून उभे. फॅमिली क्वार्टर कधी मिळालं नाही, त्यामुळं आईनं त्यांची सगळी नोकरी त्या फोटोतच पाहिली. "एकदा मला त्ये बरफ दावा," असं ती थट्टेत म्हणायची. साड्या मागितल्या नाहीत, सोन्याचे डाग मागितले नाहीत, एवढंच मागितलं. मी पुण्याच्या कंपनीत भांडून मे महिन्यात बारा दिवसांची रजा घेतली. चार दिवस जायला, चार यायला, चार तिथं. रेल्वेचं नाव काढलं की आबा उसळायचे. आपली गाडी हवी, म्हणजे तिला वाटेत जे जे बघावंसं वाटेल तिथं थांबता येईल, हे त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. दिवस मोजकेच राहिले होते, तर ते खिडकीतून बघण्यात गेलेले काय वाईट.

आठवडाभर आबांनी गाडी उकलायचीच बाकी ठेवली. बेल्ट बदलला, ब्रेक बघितले, स्टेपनीत हवा भरून आणली आणि परत येऊन ती हवा पुन्हा हातानं दाबून पाहिली. वहीत रोजचा मुक्काम लिहिला, कुठं घाट आहे, कुठं पेट्रोल भरायचं ते लिहिलं. मला हे सगळं लवकर उरकायचं होतं आणि ते गाडीखालून बाहेर यायला तयार नव्हते. एकदा मी वैतागून ओरडलोच, "आबा, लढाईला न्हाई चाललो आपन." ते खालूनच म्हणाले, "मग कुटं चाललोय?"

आईची तयारी वेगळी. तिनं दशम्या भाजल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, सगळ्यांचे स्वेटर उन्हात टाकले. सुईत दोरा मात्र तिला ओवता येईना. चार वेळा चुकला, मग तिनं सुई गुपचूप सुनेकडं दिली.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी भरून झाली. फक्त नारळ फोडून चाकांखाली लिंबं ठेवायची राहिली होती. दुपारी भावकीतला एकजण दारात आला आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगून गेला, आबांचा चुलतभाऊ वारला.

बांधावरून त्या घराशी आमचं चौदा वर्षं बोलणं नव्हतं. लग्नाला बोलावणं नाही, दिवाळीला फराळ नाही. पण भावकी ती भावकी. त्याचं तोंड बघत नव्हतो, सुतक मात्र पुरे दहा दिवसांचं. आबांनी टोपी घातली आणि खांदा द्यायला गेले.

ते परत आल्यावर मी हातापाया पडलो. म्हटलं, तिसऱ्या दिवशी माती सावडू आणि निघू. दोन दिवस तरी मिळतील तिथं. आबा आईकडं बघायला लागले. आई म्हणाली, "आरं, दिवस घातल्याबिगर घर सोडून फिरायला जात्यात व्हय? लोक तोंडात शेन घालतील. फुडच्या साली जाऊ की. बरफ कुटं पळून चाललंय?"

"फुडच्या साली तुला दिसनार न्हाई," मी म्हणालो.

म्हणालो म्हणजे किंचाळलो. सहा महिने दाताखाली धरलेलं ते वाक्य मी रागाच्या भरात आईच्या अंगावर फेकलं. आबा खाली बसले. आईनं एकेकाकडं बघितलं, आधी आबांकडं, मग सुनेकडं, मग माझ्याकडं.

"ह्ये कुनाकुनाला ठाव हाय?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजे मीच तेवढी ऱ्हायले," ती म्हणाली, आणि गाडीतला दशम्यांचा डबा काढून आणायला गेली. सुतकात आज चूल पेटवायची न्हाई, एवढं म्हणून तिनं आम्हाला जेवायला वाढलं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

माझी रजा घरातच सरत होती. आबा दिवसभर मयताच्या घरी बसायचे. गाडी अंगणात तशीच उभी होती, स्वेटरांसकट. निघून जावं असंही वाटायचं आणि एक क्षण आईपासून हलू नये असंही.

सहाव्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला उठलो. आई स्वयंपाकघरातून न्हाणीकडं चालली होती. एक हात भिंतीवर, डोळे घट्ट मिटलेले, ओठांनी पावलं मोजत. न्हाणीच्या पायरीशी थांबली, पायानं कड चाचपली, वळली, आणि पुन्हा मोजत परत आली. उघड्या डोळ्यांनी तिला अजून घरात वावरण्यापुरतं दिसत होतं. मी दारातच उभा होतो. माझी चाहूल लागली तशी ती थबकली, पण डोळे उघडले नाहीत.

"कोन हाय?"

मी एक पाऊल पुढं आलो आणि थांबलो. तिनं थोडी वाट पाहिली.

"बोल की रं," ती म्हणाली, "आता बोलल्याबिगर मला कसं कळायचं?"