पत्र्याच्या विमानाचा कौल

एका रविवारी सकाळी मी घावन घालत होते आणि नवरा टेबलाशी बसून खात होता. खाता खाता म्हणाला, "एक विमान करावं म्हणतोय. लढाऊ. पत्र्याचं."

"करा की," मी म्हटलं. "टीव्हीच्या कपाटावर जागा आहे."

"तिथे नाही मावायचं. खऱ्याच्या एक तृतीयांश करणार. या टेबलाच्या दुप्पट लांब होईल."

तव्यावरचं घावन करपलं.

नवरा तंत्रशाळेत पत्राकाम शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने घरातल्या, शेजाऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या पाहुण्यांच्या सगळ्या गळक्या वस्तू दुरुस्त करून टाकल्या, आणि मग दुरुस्त करायला काही उरेना. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. मीही आता घरीच. रत्नागिरी शहर संपतं तिथे आमचं घर आहे. मागे थोडी हापूसची कलमं आणि पूर्वी आंब्याच्या पेट्या भरायला बांधलेली लांबलचक पडवी. कलमं आता कराराने दिलेली, त्यामुळे पडवीत एक शिडी आणि एक मांजर एवढंच असतं. विमान त्या पडवीत व्हायचं होतं.

खरं तर त्या दिवसांत आमच्या घरात एकच विषय होता, तो म्हणजे पुणं. आमची मुलगी तिथे असते. तिच्या समोरचा फ्लॅट रिकामा होत होता आणि तिने सांगून ठेवलं होतं, "तुम्ही दोघं या आता. दिवाळीच्या आत काय ते नक्की करा, तोवर मी त्यांना थांबवते." मी जन्माने पुण्याची. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून म्हणत आले आहे की नोकऱ्या संपल्या की परत जायचं. नवऱ्याने कधी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. तो म्हणायचा, "बघू." मी मात्र मनात सगळं मांडून ठेवलं होतं. नातीला शाळेतून आणायचं, येताना तिच्याबरोबर पाणीपुरी खायची आणि घरी सांगायचं नाही, संध्याकाळी जुन्या मैत्रिणी गाठायच्या. त्यात हे विमान आलं. करायला चार-पाच वर्षं सहज जाणार आणि हातोडी दिवसभर चालणार. फ्लॅटमध्ये ते शक्य नाही, हे कळायला विज्ञान शिकवलेलं असावं लागत नाही. विमान करायचं म्हणजे इथेच राहायचं.

तिथल्या तिथे "मुळीच नाही" म्हणून मोकळी झाले असते तर पुढचं रामायण झालं नसतं. पण मला विचारायची खोड आहे. मी विचारलं, "कुठलं विमान?"

नवरा जरा गडबडला. मग म्हणाला, "ते गं, आपल्या हवाई दलात पूर्वी होतं ना, छोटंसं, चिलटाचं नाव असलेलं."

"लढाऊच कशाला? प्रवासी करा. माणसं मारायचं यंत्र दारात कोण ठेवतं?"

"प्रवासी विमान म्हणजे नळाला पंख. त्यात पत्र्याला काही काम नाही. याच्यात बघ, एक जागा सरळ नाही." त्याने मोबाइलवर फोटो शोधून दाखवला.

माणसं मारायचा मुद्दा तसाच राहिला आणि माझ्या डोक्यात 'एक जागा सरळ नाही' तेवढं बसलं. दुपारी मोसंबी सोलली आणि साल ताटात सपाट दाबून पाहिली, तर कडा फाटल्या. मग वाटलं, उलटं केलं तर काय होईल? सपाट कागदाची पुंगळी होते, वाटी होत नाही; कडेला सुरकुत्या पडतात. मग पत्र्याचं गोल नाक होतं कसं? सुरकुत्या जातात कुठे? इतकी वर्षं पातेल्यांतून स्वयंपाक केला आणि हा प्रश्न एकदाही पडला नाही, याची मला चक्क लाज वाटली.

नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "सांगून नाही कळायचं." पडवीत त्याने वाळूची पिशवी ठेवली, अॅल्युमिनियमचा एक तुकडा घेतला आणि त्यावर कपड्यांच्या साबणाची वडी खसाखसा चोळली. मग पत्रा उलटा करून खालून ज्योत फिरवायला लागला. हळूहळू साबण तपकिरी झाला, मग काळा. "झाला मऊ," तो म्हणाला. "साबण काळा पडला की थांबायचं. पुढे गेलं तर पत्रा वितळून खाली." थंड झाल्यावर त्याने तो तुकडा वाळूवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकला आणि खरंच वाटी झाली. कडेच्या सुरकुत्या त्याने ठोकून ठोकून पत्र्यातच जिरवल्या. ठोकून पत्रा पुन्हा कडक झाला की पुन्हा साबण, पुन्हा ज्योत. मी दुसरा तुकडा मागून घेतला. माझी वाटी एखाद्या वेड्यावाकड्या पणतीसारखी झाली, पण ती मी देवघरासमोर ठेवली.

त्यानंतर मी सुटलेच. परदेशातले म्हातारे आपापल्या गॅरेजमध्ये विमानं ठोकतात त्याचे व्हिडिओ बघायला लागले. पंखाच्या आतल्या फासळ्या पुठ्ठ्याच्या कापल्या. पंख टोकाकडे निमुळता होतो म्हणून प्रत्येक फासळी आधीच्यापेक्षा लहान. त्या पलंगावर ओळीने मांडल्या तेव्हा नवऱ्याला दुपारी आडवं व्हायला जागा राहिली नाही. मग मला समुद्राची आठवण झाली. आमच्याकडे खारा वारा खिडकीच्या गजांनाही सोडत नाही, तो विमानाला सोडेल? मी पत्र्याच्या पट्ट्यांना वेगवेगळ्या धातूंचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, लावून घेतले आणि त्या बाहेरच्या गडग्यावर, म्हणजे आमच्या दगडी कुंपणावर, तारेने बांधल्या. पावसाळा संपता संपता पाहिलं, तर लोखंडी रिव्हेटभोवती पांढरी पूड धरून पत्रा कुरतडलेला, आणि अॅल्युमिनियमचा रिव्हेट जवळपास होता तसा. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी, हे मी फळ्यावर जन्मभर काढत आले होते. माझ्याच गडग्यावर ते घडताना पाहून मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला आंघोळीतून बाहेर बोलावलं.

तो आला, बघितलं, "हं" म्हणाला आणि परत गेला. मी जेवढी पेटत होते तेवढा तो गप्प होत होता. मला वाटलं, कामाचा विचार करत असेल.

एकीकडे मुलीचा फोन यायचा आणि मी म्हणायचे, "बघू." नवऱ्याचा शब्द माझ्या तोंडी आला. दिवाळी जवळ आली तसा मला घोर लागला. पुणं सोडवेना, विमान सोडवेना. शेवटी एक दिवस चेष्टेत म्हटलं, "तुमच्या घराण्यात विहिरीला कौल, लग्नाला कौल, म्हैस विकायला कौल. मग विमानालाच का नाही? लावा देवीला कौल. ती म्हणेल ते करू."

नवऱ्याच्या गावच्या ग्रामदेवीचा कौल म्हणजे शेवटचा शब्द. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझा यावर काडीचा विश्वास नाही. कळी का पडते ते मी सांगू शकते. पण आमच्या घरात उजवा कौल मोडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं, नवरा एका पायावर तयार होईल. तो म्हणाला, "एवढ्यासाठी देवीला कशाला त्रास?" मग त्याची कंबर दुखायला लागली, मग गाडीचं काहीतरी निघालं. शेवटी मीच पिच्छा पुरवला आणि आम्ही संगमेश्वरच्या बाजूला त्याच्या गावी गेलो.

देवळात गुरवांना मी सगळं सांगितलं. घरी पत्र्याचं मोठं विमान करायचंय, त्याला देवीचा कौल हवाय. गुरव म्हातारे आहेत, नवऱ्याच्या लहानपणापासूनचे. त्यांनी कळ्यांचं तबक हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"वयनी, ह्यो कसा लावू मी?" ते म्हणाले. "पावसाच्या आधी दादा येऊन पुन्याचा लावून गेले. बिऱ्हाड घेऊन जाऊ काय म्हनून. देवीनं उजवा दिलान. आता हितं ऱ्हाऊन इमान करायचा म्हंजे तो मोडायचा. एका कौलावर दुसरा नाय लावत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो देवीकडे बघत राहिला, म्हणजे खरं होतं.

मी तडक बाहेर येऊन पायरीवर बसले. ज्या होकाराची मी लग्नापासून वाट पाहिली तो देवीने देऊन टाकला होता, आणि हा माणूस तो खिशात घालून घरी आला आणि घावन खाता खाता मला विमान सांगत बसला. मी इतकी वर्षं हौसेने बोलत होते ते पुणं याच्या लेखी एवढंच होतं.

थोड्या वेळाने तो येऊन माझ्या खालच्या पायरीवर बसला. "मला वाटलं डावा येईल," म्हणाला. "डावा आला असता तर तुला सांगून मोकळा झालो असतो. आला उजवा. देवीला नाही म्हणता येईना आणि तुलाही येईना."

"म्हणून विमान?"

"विमान म्हटलं की तू भांडशील. भांडण चालेल, दिवाळी होऊन जाईल, तो फ्लॅट दुसरं कोणी घेईल. एवढंच डोक्यात होतं. पण तू भांडलीच नाहीस. कुठलं विमान, म्हणून विचारलंस. मग सुचलं ते नाव सांगितलं."

"आणि तो साबण? ते नाक?"

"तू विचारत गेलीस, मी दाखवत गेलो."

"म्हणजे तुम्हाला विमान नकोच होतं?"

"या वयात वाकून रिव्हेट मारत कोण बसेल? नको होतं गं." मग त्याने माझा हात धरला, जे तो चारचौघांत कधी करत नाही. "चुकलं माझं. चल, पुण्याला जाऊ. देवीनं सांगितलंय, मुलगी वाट बघतेय. मी राहीन तिथे. कुरकुर नाही करणार."

तो खरं बोलत होता, मला कळतं. मी जिंकले होते. आता आनंद होईल म्हणून मी बसून राहिले आणि माझ्या मनात आलं ते भलतंच. हवा आत घ्यायची दोन तोंडं त्या विमानाच्या अंगाला मिळतात, तिथला पत्रा एकदम दोन्हीकडे वळतो. ते कोडं आम्हाला अजून सुटलं नव्हतं. ते आता कधीच सुटणार नाही. मला रडू फुटलं. नवऱ्याला वाटलं आनंदाने, आणि तो पाठीवरून हात फिरवत "जाऊ, जाऊ" म्हणायला लागला.

"मला करायचंय ते," मी म्हटलं.

"काय?"

"विमान. तुम्ही नाही केलंत तरी. मला ठोकायला शिकवा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कळी होऊन पडले. मग हसला तो. किती तरी दिवसांनी हसला. पण लगेच चेहरा पडला, कारण कौल होताच. आम्ही आत गेलो. गुरवांनी ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाले, "कौल मोडू नये. मुदत मागून घ्यावी. माझ्या बापाच्या वेळेपास्नं मागतात." त्यांनी देवीपुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, की ह्यांचं विमान पुरं होईस्तोवर ह्यांना घर सोडायला लावू नकोस, झालं की ती जातील. "व्हय म्हाराजा," नवरा म्हणाला. विश्वास नसलेली मी त्याच्यापेक्षा मोठ्याने म्हणाले.

देवळापाशी रेंज नव्हती. हमरस्त्याला लागल्यावर नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि मी मुलीला फोन लावला. तो फ्लॅट सोडून दे, आम्ही येत नाही, असं सांगितलं.

ती उसळलीच. "बाबाने केलंच ना शेवटी मनासारखं! आई, किती वर्षं तू त्याच्यासाठी—"

"बाबा आजच्या आज यायला तयार आहे," मी म्हटलं. "मी नाही येत."

ती हळू आवाजात म्हणाली, "तिला सांगून ठेवलं होतं मी, आजी येणार म्हणून. रोज विचारते. आता काय सांगू तिला?"

नवऱ्याने फोन घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही. म्हटलं, "सांग, आजी विमान करतेय."