इराचा सूर्यास्त आणि गच्चीवरची हाक

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते… म्हणजे हसायचं तर माझ्याबरोबरच हसा. खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि जगातली सगळी अक्कल देवानं आपल्याच पर्समध्ये ठेवलीय अशा थाटात चालायचे. शेजारीण म्हणाली चिंचेवर बाई दिसते, तर मी तिला त्याच चिंचेखाली उभं करून प्रकाशाच्या परावर्तनावर व्याख्यान दिलं. बिचारी नंतर त्या बाईपेक्षा मलाच घाबरायची.

आता मी बिबवेवाडीत राहते, सगळ्यात वरच्या मजल्यावर. सोबत नात इरा. ती वाघोलीला एका कंपनीत व्हिडिओ गेमसाठी आकाशं तयार करते — हो, असं काम असतं. तिचा बाप, म्हणजे माझा संजय, नागपूरला असतो आणि त्याच्या मते असं काम नसतं. "इंजिनिअर झाली आणि ढग रंगवते," असं चारचौघांत सांगायचा. इरा हसायची… आणि मग स्वयंपाकघरात भांडी उगाच आपटायची.

तिचा पहिला गेम बाजारात आला तेव्हा संजय नेमका इथे होता. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होता. त्याआधी त्यानं आपला सूर्यास्त बघावा, एवढंच तिला हवं होतं. नवा टीव्ही, गेम खेळायचा नवा कन्सोल, आणि पडद्यावर? धुऊन धुऊन विटलेली साडी. सूर्य म्हणजे ताकात पडलेलं पिठलं.

"हे होय दोन वर्षांचं काम?" संजय म्हणाला.

"बाबा, एचडीआर लागत नाहीये. ते लागलं की उजेड खरा उजेड दिसतो आणि अंधार खरा अंधार."

"आमच्या वेळी बटण दाबलं की दिसायचं."

"खोटारड्या," मी म्हटलं, "तुझे अण्णा गच्चीवर चढल्याशिवाय काय दिसायचं रे?"

अण्णा म्हणजे आमचे हे. जाऊन बरीच वर्षं झाली. हे गच्चीवर अँटेना फिरवत 'आलं का?' विचारायचे, संजय खिडकीतून निरोप द्यायचा आणि मी टीव्हीसमोर बसून निकाल सांगायचे. चित्र स्वच्छ आलं तरी मुद्दाम "गेलं" म्हणायचे… तेवढाच नवऱ्याला व्यायाम. विज्ञानाची बाई ना मी!

इरानं केबल बदलली. टीव्हीमागचा पोर्ट बदलला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या पोर्टचा सिग्नल वाढवला, अपडेट केलं, दोन्ही यंत्रं बंद करून पुन्हा लावली. कन्सोलचं एकच पालुपद — हा टीव्ही एचडीआर दाखवू शकत नाही. शेवटी तिनं रिमोट सोफ्यावर टाकला. "राहू दे बाबा, तुम्हाला उशीर होईल." डोळे भरले होते पोरीचे.

तेवढ्यात बाल्कनीच्या दारातून, वरून आवाज आला —

"आलं काऽऽ?"

संजय बॅगेची चेन लावत होता. मान वर न करता त्यानं ओरडून सांगितलं, "नाही अजून!" मग त्याची नजर टीव्हीकडे गेली… आणि काय सांगू, त्या विटक्या साडीला भराभर रंग चढला! डोंगराची कड पेटली. ढगांच्या पोटात केशरी उजेड शिरला.

"आलं! आलं, अण्णा! आता हलवू नका!"

आणि मग त्यानं वर छताकडे बघितलं. तोंड पांढरंफटक.

"बाबा, कोणाशी बोलताय?" इरानं विचारलं. तिला काही ऐकूच आलं नव्हतं.

बॅग खाली ठेवून तो टीव्हीसमोर बसला, सूर्य पार बुडेपर्यंत. मग घसा खाकरला. "ते खालचे ढग… पाऊस पडून गेल्यावर तळजाईच्या टेकडीवरून असेच दिसतात."

"तिथेच बसून केलेत, बाबा."

"जमलेत," संजय म्हणाला. आमच्या घराण्यात याला सत्कार म्हणतात. इरा एकदम इतकी हसली की गाडी चुकली तरी कुणाला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीची किल्ली मागून आणली. वर पाण्याच्या टाक्या, सोलर, आणि कबुतरं. गच्ची आदल्या दिवशी कुणी उघडलीच नव्हती, असं सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. इरा म्हणते, टीव्ही आणि कन्सोलला एकमेकांची ओळख पटायला कधीकधी वेळ लागतो. असेल बाई. पण हाक आम्ही दोघांनी ऐकली, त्याचं काय? आज मला त्यावर व्याख्यान देता येणार नाही.

संजय आता दर रविवारी फोन करून इराला विचारतो, "नवीन आकाश कुठवर आलं?" त्या दुपारबद्दल मात्र आम्ही मायलेक अजून बोललेलो नाही. त्यानं कोणाला उत्तर दिलं, हे मी विचारत नाही. ह्यांचा आवाज ओळखूनही मी का दचकले नाही, हे तो विचारत नाही.