अकरा मिनिटांची छाटणी

ओझरच्या कारखान्यातून मेव्हणे निवृत्त झाले, त्या दिवशी मुलीने त्यांना मोबाईल दिला. तेव्हापासून जगात अशी एकही विद्या उरलेली नाही, जी त्यांना अर्धी येत नाही.

मेव्हणे म्हणजे माझ्या बायकोचे धाकटे भाऊ. विमानाचा एकेक स्क्रू तीनदा तपासण्यात ज्यांची सगळी नोकरी सरली, त्यांना आता मिनिटभराहून लांब असलेलं काहीही पाल्हाळ वाटू लागलं. आमचा गळका नळ त्यांनी व्हिडिओ बघून फार सफाईने खोलला. परत बसवायचा कसा, ते ‘भाग दोन’मध्ये होतं. भाग दोन सापडेपर्यंत पाणी दिवाणखान्यात पोचलं. “मूळ तत्त्व कळलं ना दाजी, बाकी तपशील,” सोफ्यावर पाय वर घेत ते म्हणाले. कानडीत ‘कसे आहात’ एवढं विचारायला शिकले. समोरच्याने उत्तर दिलं की माझ्याकडे बघत. बायको म्हणायची, “अरे, एखादी गोष्ट शेवटपर्यंत बघ की!” त्यावर यांचं ठरलेलं, “ताई, शेवटी काही नसतं गं. लाईक करा म्हणतात.”

तिने अंगणात द्राक्षाचा वेल लावला होता. दर ऑक्टोबरात स्वतः छाटायची. माझ्या हाती कात्री देण्यात अर्थ नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. म्हणून गेल्या वर्षी, दुखणं कळल्यावर, मी वाचनालयात गेलेला असताना तिने टाकीला मोबाईल टेकवून छाटणीचा व्हिडिओ काढला आणि भावाला पाठवला. अकरा मिनिटांचा.

श्रावणात ती गेली. दशक्रियेला गोदाकाठी मेव्हणे गुरुजींना म्हणाले, “मुद्द्याचं तेवढं घ्या.” मी रागावलो नाही. त्यांना तिथे उभं राहवत नव्हतं.

तिच्या वेलाचे घड यंदा एकदा खावेत, एवढंच मला हवं होतं. ऑक्टोबरात मेव्हणे कात्री घेऊन हजर झाले.

“तिचा व्हिडिओ बघितलात?”

“सुरुवात बघितली. लांब आहे हो. हा दुसरा बघा, चाळीस सेकंदांत सगळं!”

आणि त्यांनी वेल पार बोडका केला. मखमलाबादला बाग असलेले शेजारी कुंपणाशी येऊन थबकले. “अहो, ही एप्रिलातली छाटणी हाय! काड्याच नाय ठेवल्या, तर औंदा घड कुठं लागायचे?”

मेव्हणे पायरीवर बसले. मग त्यांनी ताईचा व्हिडिओ लावला. कुठली काडी ठेवायची, तिच्यावरचे किती डोळे राखून कापायची, ती सावकाश दाखवत होती. अकराव्या मिनिटाला तिने कात्री खाली ठेवली.

“इथपर्यंत आलास? मग ऐक. तुझ्या दाजींकडे रोज येत जा, चहा करून दे. ते स्वतःहून बोलवणार नाहीत.”

मेव्हणे उठून आत गेले. चहात साखर घालायची राहिली होती. मी तसाच प्यालो.

यंदा वेलाला पानं आहेत, घड नाहीत. मेव्हणे रोज पाच वाजता येतात, चहा करतात आणि माझा कप रिकामा होईपर्यंत बसतात.