फुकटच्या विमानात नंदिनीचं नशीब

मोहर्लीच्या गेटमधून सफारीची जिप्सी बाहेर आली की चहाच्या टपरीपासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत सगळे एकच विचारतात, "काय दिसलं?" अस्वल दिसलं, रानकुत्री दिसली, असलं उत्तर तिथे धरत नाहीत. वाघ दिसला तर दिसलं, नाहीतर काहीच दिसलं नाही. रंजीता खोब्रागडे गाईड म्हणून आठ वर्षं या प्रश्नाला तोंड देत होती, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी तिनं मान खाली घालूनच दिलं होतं.

ती कामात कच्ची होती असं मात्र कुणी म्हणू नये. बारावी पास, दीडशे पक्षी आवाजावरून ओळखणारी, परदेशी पाहुण्याला इंग्रजीत झाडांचे उपयोग सांगणारी. एकदा तिनं नागपूरच्या एका कुटुंबाला घरट्यावर बसलेला स्वर्गीय नर्तक दाखवला, हातभर पांढऱ्या शेपटीचा. बघून झाल्यावर घरातले कर्ते म्हणाले, "छान आहे. पण वाघ कधी?" त्या दिवशी रंजीताला पाहुण्यांचा राग आला नाही. राग आला तो नंदिनीचा.

नंदिनी मडावी तिच्याच गावची सून, तिच्या मागच्या गल्लीतली. दहावी कशीबशी पार केलेली. तिचा गाईडचा फॉर्म रंजीतानेच भरून दिला होता, फोटो चिकटवण्यासकट. कानामागून आली अन् तिखट झाली, असं आपण उगाच म्हणत नाही. नंदिनी जिप्सीत बसली की वाघ जणू तिच्याच वाटेवर येऊन उभा राहायचा. सकाळी वाघ, संध्याकाळी वाघ. बाहेर आली की पाहुणे तिच्यासोबत फोटो काढायचे, आणि ती हसत हसत आधी रंजीताकडे यायची. "पाटलीन नाल्यात उतरली वं. तू दुपारी गवताच्या पट्ट्यात थांब, तिथूनच निघन." हे ती रोज सांगायची, आणि रंजीता रोज ऐकायची, आणि ऐकताना तिच्या पोटात दुखायचं. ही मला सांगते म्हणजे काय, मोठेपणा मिरवते.

पाटलीन म्हणजे त्या भागातली वाघीण. रस्त्याच्या मधोमध चालायची आणि दहा गाड्या मागे लागल्या तरी बाजूला व्हायची नाही, म्हणून नंदिनीनं तिचं नाव पाटलीन ठेवलं. गाईडांमध्ये रीतच तशी होती. नवा वाघ ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं नाव ठेवायचं, मग ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसतं आणि तो वाघ जिवंत असेपर्यंत टिकतं. नंदिनीची दोन नावं जंगलात फिरत होती. रंजीताचं एकही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पाटलीनला पिल्लं झाली होती. तिचं ओथंबलेलं पोट सगळ्यांनी पाहिलं होतं, पिल्लं मात्र कुणीच पाहिली नव्हती. रंजीतानं नाव तयार ठेवलं होतं, पळसा. पिल्लू नर असो की मादी, पळसाच. आठ वर्षं जंगलाला इतकं दिलं, जंगलानं एक नाव तरी माझं ठेवावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते नाव पुन्हा नंदिनी ठेवणार, हे तिला आरशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

सकाळची फेरी दहाला संपते आणि दुपारची अडीचनंतर सुरू होते. मधल्या वेळात गाईड आणि ड्रायव्हर जांभळाखाली पडून असतात. तिथेच सुनिल ड्रायव्हरनं तिला तो विमानाचा खेळ दाखवला. मोबाईलवर एक छोटं विमान उडतं, त्याच्यासोबत आकडा चढत जातो, दीड पट, तीन पट, आठ पट. विमान पळून जायच्या आत बटण दाबलं तर लावलेले पैसे तेवढ्या पटीनं मिळतात. उशीर झाला की सगळं गेलं. खरा खेळ जुगाराचा, पण सुनिलजवळ होता तो फुकटचा नमुना. मिठाईवाला चाखायला चिमूटभर शेव देतो तसा. पन्नास हजार खोटे रुपये आपोआप यायचे, संपले की पुन्हा पन्नास हजार.

"खऱ्याच्या बटनाले हात नाई लावाचा, ताई," सुनिल म्हणाला. "हे फुकट आहे. हरलं तरी काई जात नाई."

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी रंजीतानं चाळीस पट मारले. जांभळाखालच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दुपारच्या फेरीत तिला वाघ तर सोडा, मोरही धड दिसला नाही. नंदिनी त्या दिवशी पोंभुर्ण्याला माहेरी गेली होती, ही गोष्ट रंजीताच्या ध्यानातही आली नाही. पुढे दोन दिवसांनी तिनं सगळे खोटे पैसे पाच मिनिटांत घालवले, आणि संध्याकाळी गवताच्या पट्ट्यात पाटलीन सव्वा तास तिच्या गाडीसमोर बसून राहिली. तिथे थांब म्हणून सकाळी नंदिनीच सांगून गेली होती. पण ते तर ती रोजच सांगते, त्यात काय धरायचं?

रंजीताच्या घरी नशीब हा शब्द चालत नसे. सासरे नानाजी विहारात दर पौर्णिमेला बोलायचे आणि नशिबाला आळशाचा बहाणा म्हणायचे. त्यांच्यासमोर रंजीताही मान डोलवायची. पण त्या दिवशी घरी येताना तिच्या डोक्यात एक हिशेब बसला, आणि बसला तो बसलाच. नशीब म्हणजे मोहाचं झाड. रात्रीतून पडायचा तेवढाच मोह पडतो. कुणी पहाटेच वेचून नेला की मागून येणाऱ्याच्या टोपल्यात पाला. आपण खोट्या खेळात जिंकलो की खऱ्या नशिबाचा वाटा तिथेच खर्च होतो. म्हणून चाळीस पट, आणि वाघ नाही.

आणि मग तिला तो विचार सुचला. त्याची तिला पुढे लाज वाटली, पण त्या वेळी वाटला तो आनंदच. आपलं नशीब आपण जपायचं, आणि नंदिनीचं खर्चायला लावायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं नंदिनीच्या मोबाईलमध्ये तो खेळ टाकून दिला. फॉर्म भरून दिला होता तसाच.

"मले नाई जमत वं असलं," नंदिनी म्हणाली.

"फुकट आहे. एक डाव तं खेळून पाय."

नंदिनी खेळली आणि पहिल्याच बैठकीत चौदा पट जिंकली. पाणवठ्यावर दोन दोन तास न हलता बसलेली बाई ती, थांबायचं कसं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सगळ्यांचा अंगठा तीन-चार पटीला घाबरून खाली यायचा. नंदिनीचा वरच राहायचा, आणि कसं कोण जाणे, विमान पळायच्या क्षणभर आधी पडायचा. अठरा पट. तेवीस पट. प्रत्येक आकड्याला रंजीता मनातल्या मनात म्हणायची, गेला, आणखी एक वाघ गेला. तोंडानं मात्र म्हणायची, "वा वं नंदिनी."

आणि खरोखरच नंदिनीचे वाघ आटले. आधी एक दिवसाआड, मग चार दिवसांतून एकदा, मग सलग नऊ दिवस काही नाही. जरा डोकं ताळ्यावर असतं तर रंजीताला कारण दिसलं असतं. पूर्वी नंदिनी दुपारी जांभळाखाली पडून राहत नसे. प्रत्येक ड्रायव्हरजवळ जाऊन विचारायची, वाघाच्या वासानं सांबर कुठी ओरडलं, वानर कोणत्या झाडावर खोकलं, पंजाचा पगमार्क जाताना होता की येताना. सगळं डोक्यात जुळवून मग दुपारची गाडी कुठे न्यायची ते ठरवायची. आता तिचे डोळे विमानावर होते आणि ती कुणाला काही विचारत नव्हती. मोबाईल गेटवर जमा करून ती आत जायची तेव्हा अंगठा मात्र मांडीवर दाबत बसायची, असं सुनिलनं सांगितलं.

नंदिनीचे आटले तसे रंजीताचेही आटले. पण दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या नाकाची शुद्ध नसते. तिनं कारण काढलं की आपण अजून पुरेसे हरत नाही. मग ती रोज मुद्दाम हरू लागली. विमान उडालं की हात बाजूला ठेवायची आणि पन्नास हजार जाताना बघत बसायची. सुनिल म्हणाला, "ताई, बटन दाबा ना वो." ती म्हणाली, "राहू दे." तरीही तिला वाघ दिसत नव्हता, आणि नंदिनीलाही दिसत नाही एवढ्यावर तिची रोजची भाकरी गोड लागत होती.

मग तो शनिवार आला. सकाळची फेरी संपवून नंदिनी गेटमधून बाहेर आली तीच धावत. चेहरा उजळलेला. दहा दिवसांत रंजीतानं तो चेहरा पाहिला नव्हता आणि तिला तो पाहायचाही नव्हता. नशीब परत आलं वाटतं हिचं, एवढंच तिच्या मनात आलं.

"ऐक ना वं रंजीता," नंदिनी म्हणाली.

दिसला असेल वाघ, आता अर्धा तास सांगत बसेल. रंजीतानं जमा केलेला तिचा मोबाईल खिडकीवरून आधीच घेऊन ठेवला होता. तो तिनं नंदिनीच्या हातात दिला आणि स्वतःच खेळ उघडूनही दिला. "ते राहू दे. आधी एक डाव खेळ."

"अवं, पण..."

"एकच डाव. मंग सांग."

नंदिनी उभ्या उभ्या खेळली. एकतीस पट आले. भोवती ड्रायव्हर जमले, कुणी चहा मागवला, एकाचे चार डाव झाले, मग अडीच वाजले आणि गाड्या आत गेल्या. काय सांगायचं होतं ते राहून गेलं. रंजीतानं विचारलंही नाही. उलट तिला बरं वाटलं, की नंदिनीचं परत आलेलं नशीब आपण दारातच संपवलं.

सोमवारी सकाळी बातमी आली. पाटलीनची पिल्लं दिसली. दोन. दुसऱ्या गेटच्या गाडीला दिसली, रविवारी दुपारी, आणि गाडीत मुंबईचं एक जोडपं होतं. त्यांच्या पोरीनं तिथल्या तिथे नावं ठेवली, रॉकी आणि रोझी. संध्याकाळपर्यंत मोहर्लीतले ड्रायव्हरही रॉकी-रोझी म्हणू लागले होते.

रंजीताला आधी दुःख झालं आणि त्याच्या मागोमाग समाधान. पळसा गेलं ते गेलं, पण नंदिनीलाही मिळालं नाही. हे समाधान घेऊनच ती मंगळवारी, पार्क बंद असतो त्या दिवशी, नंदिनीच्या घरी गेली. नंदिनी पडवीत बसली होती, हातात मोबाईल. विमान चढत होतं.

"ऐकलं काय? पाटलीनची पिल्लं पाह्यली त्या गेटवाल्यानं."

"हो. तलावाच्या मागच्या नाल्यात असन, बेहड्याखाली."

ड्रायव्हरांनी जागा सांगितली नव्हती. रंजीता उंबऱ्याशीच थांबली. "तुले कसं मालूम?"

"मले महिनाभरापासून मालूम आहे," नंदिनी म्हणाली, नजर वर न करता. "दिसे तवा पाटलीन तिकूनच ये. कास ओली राहे तिची. पण पिल्लं बाहेर निघाले दीड-दोन महिने लागते. म्या म्हटलं, माहे दोन नावं झाले. आता हे रंजीताचं. तिनं बिचारीनं माहा फॉर्म भरला, तिचं एक तरी नाव पाहिजे जंगलात. पिल्लं निघाची वेळ आली की तिले सांगीन." तिनं बटण दाबलं, पाच पट, आणि पुन्हा लावले. "शनिवारी सकाळी पाटलीन चार पावलं चाले अन् मागं वळून पाहे. चार पावलं चाले अन् मागं पाहे. तवाच कळलं मले, पिल्लं मागं आहे. पळत आली होती वं तुले सांगाले."

रंजीताला शनिवारचं सगळं आठवलं. धावत येणं, उजळलेला चेहरा, ऐक ना वं. आणि स्वतःचा हात, मोबाईल पुढे करणारा. नंदिनी गाईड झाल्यापासून तिला जे जे वाघ दिसले ते सगळे तिच्या डोळ्यांसमोरून गेले, आणि प्रत्येकाच्या आधी नंदिनी उभी होती, सांगत, तू इथी थांब, तू तिथी थांब.

"मंग सांगतलं काऊन नाई?" तिनं विचारलं.

"सांगणारच होती. मंग एकतीस पट आले, अन् डोक्यातूनच गेलं पाय." नंदिनी जराशी खजील झाली. "तू रागावली काय?"

रंजीताला म्हणायचं होतं की टाक तो मोबाईल, म्या मुद्दाम दिला होता तुले, म्या तुह्यं नशीब जाळाले दिला होता. ओठापर्यंत आलं ते. पण पडद्यावर विमान चढत होतं, सात, नऊ, बारा, आणि नंदिनीचं सगळं ध्यान त्यात होतं. ज्या ध्यानानं ती पूर्वी सांबराचा आवाज ऐकायची, तेच ते ध्यान, तीच वाकलेली मान. रंजीता तिच्या शेजारी बसली. तिनं गेटवरचाच प्रश्न विचारला.

"काय दिसलं?"

"बावीस पट," नंदिनी म्हणाली, आणि रोज सांगायची तितक्याच आनंदानं तिनं मोबाईल रंजीताकडे वळवला, तिलाही दिसावं म्हणून.