तुटक रेघांचं पुस्तक

चूक भामरे सरांची. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाची चूक फिरत फिरत कुठल्यातरी तरुणाच्या गळ्यात येऊन पडते. शहाद्याच्या त्या प्रेसमध्ये मी आठ महिने बसलो. एवढ्या दिवसांत किस्से साठतातच. ऐकवायला कुणी नव्हतं, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठले.

भामरे सर रिटायर्ड चित्रकला शिक्षक. कागदाच्या घड्या घालून पक्षी, बेडूक, होड्या करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्याचं त्यांना पुस्तक काढायचं होतं. प्रेस रमणकाकांची, बारा महिने लग्नपत्रिका छापणारी. आणि मी हर्षल, म्हसावदचा, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून आलेला. तिथले प्रोफेसर गाईडमधून मान वर न काढता शिकवायचे. गाईड मलाही वाचता येत होतं.

सरांनी प्रत्येक पायरी हातानं काढली होती. आत मोडायची घडी लाल पेन्सिलीनं, बाहेर मोडायची निळ्या. छपाई मात्र एकरंगी. म्हणून मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा प्रोग्राम, लिहिली. घडी कुठून कुठे ते आकडे द्यायचे, आत की बाहेर ते सांगायचं, रेघ आपोआप निघते. आतली घडी म्हणजे तुटक रेघ. बाहेरची म्हणजे तुटक रेघ, पण मधे मधे टिंब. सगळं पुस्तक या दोन रेघांवर उभं!

सरांना समजावलं. ते "हो हो" म्हणाले. मास्तर लोक "हो हो" म्हणतात तेव्हा ते ऐकत नसतात, स्वतःचं पुढचं वाक्य जुळवत असतात. पुढचं वाक्य होतं, "अरे, पट्टीनं दोन मिनिटांत होतं हे!"

*

पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तर पोपट उलटा. पाय वर, चोच खाली.

सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मेला का हा?"

म्हटलं, "सर, शाळेत आपण आलेख काढतो तेव्हा आकडे वर वाढत जातात. स्क्रीनवर ते खाली वाढत जातात. एक ओळ बदलतो, होईल सरळ."

"आमच्या वेळी वरच वाढायचे!" सर म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू ते मीच खाली आणले.

*

एकदा अप्पा, म्हणजे माझे वडील, शहाद्याला औषध फवारणीचा पंप दुरुस्त करायला आले होते. प्रेसमध्ये डोकावले. घरी आमचं बोलणं जवळजवळ बंदच होतं. माझ्यामागे उभे राहून त्यांनी बराच वेळ स्क्रीन बघितली.

"काय करी ऱ्हायना?"

"रेघा मारी ऱ्हायनू."

"रेघाच मारन्या व्हत्यात ते घरन्या भिंती काय कमी व्हत्यात?"

रमणकाका हसले. मशीनवाला हसला. अप्पा पंप घेऊन निघून गेले. त्या महिन्यातलं आमचं ते सगळ्यात लांब संभाषण.

*

बेडकाच्या सगळ्या घड्या एकाच चौकोनात दाखवणारा मोठा नकाशा मी प्रिंट करून भिंतीला चिकटवला होता. लग्नपत्रिका घ्यायला आलेल्या एका शेतकरीबाबांनी त्यावर बोट फिरवलं. "हाऊ कोनता गट नंबर शे भाऊ?"

"गट नाही बाबा, बेडूक शे."

बाबांनी चारी कोपरे पुन्हा नीट बघितले.

"बेडूकले एवढी जमीन?"

*

आता वसावे मॅडम. अक्कलकुव्याच्या वर डोंगरातल्या एका शाळेवर शिक्षिका. शाळेच्या कामासाठी प्रेसमध्ये आल्या आणि टेबलावरचं पान उचलून तिथेच उभ्या उभ्या घडी घालायला लागल्या. आठ महिन्यांत मला न विचारता ती रेघ कळलेलं पहिलं माणूस!

पण पानावर सरांची वाक्यंही होती. "सर्वप्रथम एक चौरसाकृती कागद घ्यावा." मॅडम म्हणाल्या, "हर्षलभाऊ, माझी पहिलीची पोरं घरी भिली बोलतात. चौरसाकृती त्यांच्या डोक्यावरून जाईल. रेघ मात्र कळेल. शब्दच नसलेलं पुस्तक करा ना. त्यांना स्वतःहून वाचता येईल असं पहिलं पुस्तक होईल ते."

मग त्या दर आठवड्याला नमुन्याची पानं न्यायच्या. शाळेत नेटवर्क नाही, मागच्या टेकडीवर चढलं की मिळतं. दर गुरुवारी दुपारी त्या टेकडीवरून फोन करायच्या. "सहाव्या पायरीला अडकली पोरं. ती घडी बाहेरची दिसते, तुम्ही आतली दिलीय." मी आकडे तपासायचो. चूक माझीच निघायची. दुरुस्त पान पाठवलं की पुन्हा फोन. "झाला! कावळा झाला!"

माझ्या फोनवर दुसरं कुणाचंच नाव येत नव्हतं. गुरुवारी दुपारी मी फोन समोर ठेवूनच जेवायचो.

*

शब्द काढायचे म्हटल्यावर सर भडकले. "मग लेखक कोण? कागद?"

दोन दिवस भांडण चाललं. शेवटी रमणकाकांनी मिटवलं. सर म्हणाले, "ठीक आहे, काढ शब्द. पण मग चित्र एकदम स्वच्छ पाहिजे. मी स्वतः नजर टाकीन."

मला काय माहीत, नजर म्हणजे काय! पानांची आधी बटर पेपरवर प्रिंट काढतात, त्यावरून प्लेट बनते, मग छपाई. प्लेट बनवायच्या आठवड्यात मी तापानं म्हसावदला पडलेलो. परत आलो तर गठ्ठे बांधून तयार. सर खुर्चीत बसून बोटांची शाई पुसत होते.

"तुझ्या प्रिंटरला शाई पुरत नव्हती रे. सगळ्या रेघा तुटत होत्या. तीन दिवस बसून एकेक जोडली बटर पेपरवर. आभार मानू नकोस!"

मी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर दोन्ही रेघांची ओळख दिली होती. तिथेही दोन्ही अखंड. जुळ्या बहिणी!

मॅडमना फोन लावला. त्या टेकडीवर नव्हत्या.

*

प्रकाशन दुसऱ्याच दिवशी, मॅडमच्याच शाळेत. सरांना शाल, नारळ. पोरं सतरंजीवर रांगेत, प्रत्येकापुढे पुस्तक आणि एक चौकोनी कागद. कावळ्याचं पान उघडलं. पोरांनी रेघा बघितल्या, एकमेकांकडे बघितलं, मग मॅडमकडे. मॅडमनी खुणेनं सांगितलं, घाला घडी. प्रत्येकानं आपल्या मनानं घातली. कुणाची चपटी पुडी झाली, कुणाचं काहीच नाही. एक मुलगी रेघेवरून नुसतं बोट फिरवत बसली. मॅडमनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि एकेक पान उलटत गेल्या.

तेवढ्यात सर माईकवर उभे राहिले. आठ महिन्यांत या माणसानं माझं नाव एकदाही धड घेतलं नव्हतं.

"पुस्तक माझं आहे," सर म्हणाले, "पण श्रेय मी लपवणार नाही. यातली एकेक रेघ हर्षलची! टाळ्या!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो, नमस्कार केला आणि बसलो.

त्यानंतर मॅडमचा फोन आला नाही.