मागची मोठी चाकं

आमच्या वडिलांना कुणाच्या बरोबरीनं बसणं जमायचंच नाही. वालूरच्या घरी ओसरीवर त्यांचं लाकडी तख्त होतं. बाकी सगळे जमिनीवर. गाव त्यांना मालक म्हणायचं, आणि आम्ही पोरंही मालकच म्हणायचो. लग्नकार्यात कुणी सगळ्यांसारखी सतरंजी दाखवली, की "आमी उभेच बरे," म्हणायचे आणि अक्षता पडेपर्यंत खरोखर उभे राहायचे. हट्टाला काही सुमारच नव्हता.

लढाई संपल्यावर पलटणीच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, त्यातली एक जीप त्यांनी घेतली. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात बैलगाडीसुद्धा रुतून बसते. ही गाडी चारी चाकांनी जोर लावते, म्हणून हौसेनं घेतली. चालवायला हुसेनभाई आला. पलटणीतून सुटलेला, अंगात खाकी कोट, मिशा अशा की बघत राहावं. पाथरीच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं मागे बसलेल्या मालकांना सोडून हुसेनभाईलाच वाकून मुजरा केला. झालं! त्या दिवशी मालक जेवले नाहीत.

लवकरच मागच्या दोन चाकांना चांगले उंच टायर चढले. आता मालक ड्रायव्हरच्या डोक्यावरून बघत जायचे, आणि गाडी नाक खाली घालून पळायची.

"मालक, पुढले बारके, मागले मोठे," हुसेनभाई म्हणाला. "चारी चाकांना जोर दिला की एकमेकांसंगं भांडत्याल. आतला गिअर तुटंल."

"मग चारीला देऊ नको. दोनावर चालव."

म्हणजे ज्यासाठी गाडी घेतली तेच बंद! मागचे जुने टायर गोठ्यात पडले, त्यात कोंबड्या बसायला लागल्या. आई म्हणायची, "एवढं उंच बसून दिसायलंय काय तुमाला? ज्वारीच ना?" मालक हसायचे. तिचं बोलणं तेवढं त्यांना चालायचं. गंगाखेडला स्नानाला नेलं तेव्हा तिला त्या उंच गाडीत चढता येईना, तर चारचौघांत स्वतः हात धरून चढवलं. त्या काळी असं कोण करत होतं?

भाद्रपदात आई बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले, परभणीच्या दवाखान्यात न्या म्हणाली. बाहेर पावसाची झड. हुसेनभाई गोठ्याकडे धावला.

"मालक, टायर बदलतो."

"आता? येळ हाय का? चल!"

आईला मागे गादीवर निजवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मालक जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या शेजारी बसले. चिखलात चारी चाकांना जोर दिल्याशिवाय इलाज नव्हता. आणि गाडी निघाली हो! तो सगळा काळा चिखल मागे टाकून पक्क्या सडकेला लागली. मला वाटलं, सुटलो.

चिखलात चाकं घसरत होती म्हणून निभावलं; पक्क्या सडकेवर ती एकमेकांशी भांडायला लागली, आणि चारी चाकांचा जोर काढायचा दांडा निघेना. अडकूनच बसला.

"जरा मागं घेतो मालक, चाकांचा ताण सुटंल, मंग दांडा निघंल," हुसेनभाई म्हणाला.

"मागं? ती मरायलीय, आन तू गाडी मागं घेतो? पुढं चल!"

थोडं पुढे गेलो तोच खालून काडकन आवाज झाला आणि गाडी जागीच थांबली. बैलगाडी मिळेस्तोवर दुपार कलली. परभणी दिसायच्या आतच आई गेली. बाळ पोटातच गेलं.

लोक म्हणाले, नशीब. कसलं डोंबलाचं नशीब! दोन टायर गोठ्यात पडले होते. हे मी मालकांच्या तोंडावर बोलले, आणि त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

दहाव्यानंतर मालक पुन्हा तख्तावर बसले नाहीत. ओसरीच्या पायरीखाली मातीत बसायला लागले, ते कायमचेच. माणसं भेटायला यायची. पण मालकांच्या बरोबरीनं बसायचं कसं, आणि मातीच्या खाली जागा कुठं? दोन शब्द उभ्यानंच बोलून निघून जायची. हुसेनभाई तेवढा रोज येऊन लांब उभा राहायचा.

मी सासरी निघाले त्या दिवशी त्यांच्या पाया पडले. बाहेर गाडी जुंपलेली होती.

"बस की जरा," मालक म्हणाले, आणि शेजारची माती हातानं झाडली.

मी म्हणाले, "आमी उभेच बरे."