आधी इंजिनाचा नंबर, मग नवरा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला रोजच्यापेक्षा लवकर आला तरी मला वाटतं, आज दुधात काहीतरी आहे. शाळेत वर्ग शांत बसलेला दिसला की मी आधी मागच्या बाकांखाली वाकून बघते. त्यामुळे कोकणातली ती स्वतंत्र, छोटी रेल्वे मोठ्या रेल्वेत विलीन होणार अशी बातमी आली, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात मोठा आवाज माझाच निघणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी मात्र गप्प राहिले, आणि तेव्हापासून सगळ्यांना माझाच संशय यायला लागला.

ग्रुप म्हणजे आम्ही नाशिकरोडचे रेलफॅन. कुठेही जायचं नसताना स्टेशनवर जाणारी माणसं. दर रविवारी सकाळी प्लॅटफॉर्म तिकीट काढून आम्ही फलाटाच्या देवळालीकडच्या टोकाला उभे राहतो. इंजिन आलं की नंबर वाचायचा, कुठल्या शेडचं, म्हणजे त्याचं घर कुठलं, ते ओळखायचं, ड्रायव्हरला हात करायचा. त्याने भोंगा वाजवून उत्तर दिलं तर तो रविवार चांगला गेला. रेल्वे पोलीस आमच्याकडे तिरक्या नजरेने बघतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. सकाळभर उभं राहून कुठल्याच गाडीत न चढणाऱ्या माणसांकडे मीही तसंच बघितलं असतं. या टोळक्यात बाई मी एकटीच. ग्रुपचे अ‍ॅडमिन बँकेतून निवृत्त झालेले, बोलतानाही अर्ज लिहिल्यासारखं बोलतात. आणि दुसरे आमचे पिंपळगावचे द्राक्षवाले. त्यांचं स्वतःचं कोल्ड स्टोरेज आहे, पण हंगाम ऐन भरात असला तरी त्यांचा रविवार चुकत नाही.

बातमी आली त्या रविवारी इंजिनांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. राज्याने होकार दिला म्हणे. नाव मात्र तेच ठेवणार म्हणे.

"नाव ठिवनार म्हनत्यात ना, तिथंच मला डाऊट आला," द्राक्षवाले म्हणाले. "आमच्याकडं एका बड्या व्यापाऱ्यानं पॅकहाऊस घेतलं, तव्हा बोर्ड जुनाच ठिवला व्हता. बोर्ड तेवढा राह्यला. आतली मानसं, वजनकाटा, सगळं बदललं. लय गोड बोलून बदललं."

"इंजिनांचा रंग जाणार, डब्यांवरची अक्षरं जाणार," अ‍ॅडमिन म्हणाले. "आपण याबाबत निवेदन देणे आवश्यक आहे."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माझे यजमान त्याच रेल्वेत आहेत.

आमचं लग्न झालं तेव्हाच हे तिकडे नोकरीला होते, रुळांच्या देखभालीवर. मी इथे नाशिकरोडला शाळेत गणित शिकवते. त्या रेल्वेचा मार्ग एकच, कोकणातून खाली जाणारा, त्यामुळे बदली झाली तरी त्याच मार्गावर. नाशिक त्यांच्या नकाशातच नाही. महिन्या-दोन महिन्यांनी हे चार दिवस घरी येतात. पावसाळ्यात तेही नाही, कारण तेव्हा रुळांवर गस्त असते. मी मात्र दिवाळीत आणि मे महिन्यात त्या मार्गावर हमखास जाते, बोगद्यांचे आणि पुलांचे फोटो काढायला. यांचं स्टेशन अगदी छोटं, माझी गाडी तिथे थांबत नाही. म्हणून आमचं ठरलेलं असतं. मी आदल्या स्टेशनवरून फोन करायचा आणि दारात येऊन उभं राहायचं. हे फलाटाच्या टोकाला बदामाच्या झाडाखाली उभे राहून हात करतात, मीही करते, आणि गाडी पुढे जाते. ग्रुपमध्ये हे सांगितलं तेव्हा सगळे 'वा, वा' म्हणाले होते. मलाही ते फार गोड वाटायचं.

मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली तशी मी घरात एकटी आहे. आता छोटी रेल्वे मोठीत गेली की हे मोठ्या रेल्वेचे होणार, आणि मोठ्या रेल्वेच्या गाड्यांचे भोंगे तर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. म्हणजे बदली, म्हणजे नाशिकरोड, म्हणजे रोज संध्याकाळी दोघांचा चहा. इतकं सोपं गणित मी वर्गातही कधी घातलं नव्हतं. मला आनंद झाला होता, खूप आनंद झाला होता, आणि रंगासाठी हळहळणाऱ्या माणसांसमोर तो दाखवायची लाज वाटत होती.

घरी आल्या आल्या फोन लावला.

"अहो, बातमी वाचली का?"

"वाचली."

"मग?"

"बघू."

रुळाशेजारी एखादी फांदी पडली तरी तिची गोष्ट अर्धा तास सांगणारा हा माणूस, आणि एवढ्या मोठ्या बातमीवर नुसतं 'बघू'? माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्या खेपेला हे आले ते दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. एरवी कोकमांची एक पुडी असते. या वेळी कोकमं, काजू, तळलेले गरे, आणि वर माझ्यासाठी साडी. इतक्या वर्षांत यांनी आपण होऊन साडी आणलेली मला आठवत नाही. ज्याला काही लपवायचं असतं तो सामान जास्त आणतो, असं माझं निरीक्षण आहे. गृहपाठ न केलेली मुलंच बाईंसाठी गुलाबाचं फूल घेऊन येतात. मी यांच्यासाठी अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं, ते उघडून दाखवलं. "छान," हे म्हणाले, "पण एवढ्यात कशाला?" आणि दार लावून टाकलं. चार दिवसांत मी आडून विचारलं, सरळ विचारलं, जेवताना विचारलं. यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

इकडे अ‍ॅडमिननी निवेदन तयार करून ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी नावं दिली, माझं सोडून.

"मॅडम, आपणास आतली काही माहिती असल्यास कृपया ग्रुपला अवगत करावे," अ‍ॅडमिन फलाटावर मला म्हणाले.

द्राक्षवाले सरळ मुद्द्यावर आले. "मॅडमला बदली पायजे हाय साहेबांची. खरं का नाय?"

"उगाच काहीतरी बोलू नका," मी म्हटलं. खरं होतं, म्हणूनच राग आला.

मग तो फोटो आला. कोकणातल्याच एका रेलफॅनने ग्रुपवर टाकलेला. फलाटाला लागलेलं एक इंजिन, अंगावर नवाकोरा रंग, आणि त्याच्यासमोर रांगेत उभे असलेले कर्मचारी. झालं, दुपारभर चर्चा. हे इंजिन कुठल्या शेडचं, रंग मूळचा की आता बदललेला, विलीनीकरण गुपचूप सुरू झालं की काय. अ‍ॅडमिनना रंगाचा संशय, द्राक्षवाल्यांना नंबराच्या अक्षरांचा. मीही बोटांनी फोटो मोठा केला, नंबर वाचला, शेड ओळखली आणि ग्रुपवर उत्तर टाकलं. मग बोट जरा खाली सरकलं. इंजिनासमोरच्या माणसांच्या हातात एक कापडी फलक होता. 'विलीनीकरण नको.' त्याचं एक टोक धरून उभ्या असलेल्या माणसाचा निळ्या चौकड्यांचा शर्ट मी स्वतः नाशिकच्या मेनरोडवरून घेतलेला होता.

आधी नंबर वाचला, मग नवरा दिसला. ग्रुपमध्ये तर कोणाला माणसं दिसलीच नव्हती, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

त्यानंतर मला जेवण गेलं नाही. माणूस नाशिकला येण्याच्या विरोधात फलक धरून उभा आहे, तोही मी घेतलेल्या शर्टात. फोन केला असता तर पुन्हा 'बघू'. मी शाळेत रजा टाकली आणि यांना न कळवता निघाले. ठाण्याला गाडी बदलली. एरवी या प्रवासात मी खिडकी सोडत नाही, त्या दिवशी बोगदे आले आणि गेले, मला पत्ता नाही. खोटं कशाला बोलू, दुसरी बाई असेल हाही विचार मनात आला. यांचं स्टेशन आलं तेव्हा सवयीने दारात जाऊन उभी राहिले. बदामाच्या झाडाखाली कोणी नव्हतं. मी कळवलंच नव्हतं तर असणार कोण? तरीही ती रिकामी जागा बघून माझा संशय पक्का झाला.

पुढच्या मोठ्या स्टेशनला उतरून रिक्षाने मागे आले. स्टेशनच्या पाठीमागे यांचं क्वार्टर आहे. तिथे मी आजवर दोनदाच राहिले होते, तेही मुलगी लहान असताना. हे कामावरून आले नव्हते. दाराला कुलूप, आणि ओसरीवर दोन खुर्च्या. एकट्या माणसाला दोन खुर्च्या लागतात कशाला? मी उभीच राहिले.

हे आले ते मला बघून जागीच थबकले. "तू? काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

मी मोबाइल पुढे धरला. "हे काय आहे?"

यांनी डोळे बारीक करून बघितलं. "इंजिन आहे."

"इंजिन मलाही दिसतंय. नवरापण दिसतोय."

यांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप काढून पाणी आणलं.

"आणि ही दुसरी खुर्ची कोणाची?"

"तुझी."

"माझी?"

"क्वार्टर मिळालं तेव्हा दोन घेतल्या. म्हटलं, मे महिन्यात येशील राहायला."

मी दोन्ही खुर्च्यांकडे नीट बघितलं. एक बसून बसून पांढुरकी पडली होती. दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत होती, आणि खाली तिचा लाल रंग दुकानातल्यासारखा होता. मे महिन्यात मी येत होतेच की, दरवर्षी. यांच्या दारावरून जात होते.

पण मी इतक्यात हार मानणारी नव्हे. "मग तो फलक कशाला धरलात? तुम्हाला घरी यायचंच नाही, असं सरळ सांगा. मी कपाट पुन्हा भरते."

"मोठ्या रेल्वेत गेलो की नाशिकरोडच देतील, हे तुला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. दूधवाल्यापासून मागच्या बाकांपर्यंत सगळ्यांवर संशय घेणारी मी, या एका गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवून बसले होते.

"एवढी मोठी रेल्वे. भुसावळच्या पुढे कुठेतरी टाकतील, नाहीतर आणखी लांब, जिथे दोन्ही बाजूंना नुसतं माळ," हे म्हणाले. "तिकडे फोटो काढायला कोण येतं? इथे निदान तू जाताना तरी दिसतेस."

मला रडू आलं. नवऱ्यासमोर रडण्याची मला सवय नाही, यांना बघण्याची नाही. हे उगाच पंचा शोधत राहिले.

"मग मला बोलायचं ना," मी म्हटलं.

"काय बोलणार? तू कपाट रिकामं करून बसलेली. एवढी खूश होतीस." मग म्हणाले, "परतीचं तिकीट कधीचं आहे?"

"उद्या सकाळचं."

"हं," हे म्हणाले, आणि खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून आत घेऊन गेले.

मी त्या खुर्चीत बसले आणि मोबाइलवर तिकीट रद्द करून टाकलं. हे बाहेर आल्यावर ते सांगितलं, तर माझ्याकडे बघतच राहिले. "शाळा नाही? रजा आहे ना नक्की? काही भानगड तर नाही ना झाली तिकडे?" इतक्या वर्षांच्या संसारात माझा एक गुण यांनी उचललेला दिसला, आणि मला हसू आलं.

विलीनीकरणाचं पुढे काय होणार, मला अजूनही ठाऊक नाही. हे जवळ येतील की आणखी लांब जातील, हे कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मला आता त्याचाच संशय येतो. निवेदनावर मी सही केली की नाही, ते द्राक्षवाल्यांना अजून कळलेलं नाही. दर रविवारी विचारतात, मी इंजिनाकडे बोट दाखवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघं फलाटाच्या टोकाला गेलो, बदामाच्या झाडाखाली. मी जिने परत जाणार होते ती गाडी यायची वेळ झाली होती. लांबून भोंगा ऐकू आला, मग ती वळणावर दिसली आणि न थांबता आमच्यासमोरून जायला लागली. मी सवयीने नंबर वाचला. डबे जात होते, दारांमध्ये अनोळखी माणसं वाऱ्याला उभी होती. तेवढ्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या यांनी हात वर करून हलवला.

मी झटकन वळले. "कोणाला हात केलात?"

यांनी वर गेलेल्या आपल्याच हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुलाच की," हे म्हणाले.